सांग ना, मी करतो!

या महिन्यात आलेली पत्रं आणि मेल वाचताना माझ्या लक्षात आलं की वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या कामाच्या माणसांनी जवळपास एकच तक्रार लिहिलीये, की अंगमेहनत फार नाही, झोपही मिळते बऱ्यापैकी, पण डोकं थकलंय आणि ते सुट्टीतसुद्धा उतरत नाही. बहुतेक पत्रं नाशिक आणि आजूबाजूची आहेत म्हणून या वेळचं सदर त्यांनाच देतेय. नावं अर्थातच काढलीत. पहिल्या पत्राचं उत्तर बरंच लांबलंय, कारण माझ्या मते बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : ताई, मी इंदिरानगरला राहते, अंबडला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. पोळ्यांना बाई आहे, भांड्यांना बाई आहे, नवरा चांगला आहे, सासूबाई समजूतदार आहेत, म्हणजे तक्रार करायला जागाच नाही. पण संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडी लावली की मला वर जावंसंच वाटत नाही, दहा मिनिटं तशीच बसून राहते. वर गेलं की कोणीतरी विचारतं "भाजी कोणती करायची?" आणि मला रडू येतं. भाजीवरून रडणारी बाई म्हणजे काहीतरी बिघडलंय ना? नवऱ्याला बोलले तर तो म्हणतो, तू सांग ना, मी करतो. आणि खरंच करतो हो, सांगितलं की करतो. मागच्या रविवारी दुपारी तीन तास झोपले तर उठल्यावर आणखीच थकल्यासारखं झालं. मी काय करू?
— थकलेली, इंदिरानगर

उत्तर : बिघडलेलं काही नाही. तुम्ही भाजीवरून रडत नाही आहात, भाजीचा प्रश्न फक्त त्या दिवसातला शंभरावा असतो आणि तो नेमका तुम्ही दारात चप्पल काढताना येतो.

तुमचं अकाउंट्सचं काम म्हणजे ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी, या टॅक्सच्या तारखा डोक्यात सतत चालू. त्यातच सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या चारच उरल्यात, शाळेला चार्ट पेपर लागणार आहे, गॅस लावायचाय, पोळीवाल्या बाई शुक्रवारी येणार नाहीत, नणंदेच्या मुलाचा वाढदिवस, असलं काहीतरी असणारच. यातलं एकही काम पाच मिनिटांच्या वरचं नाही, आणि म्हणूनच कुणाला दिसत नाही. दूध तापत ठेवल्यावर शेजारी उभं राहणाऱ्या माणसासारखं आहे हे. तो काही करत नसतो, पण तिथून हलूही शकत नाही. तुम्ही सकाळी सहापासून अशा पंधरा पातेल्यांपाशी उभ्या आहात, आणि रविवारी झोपलात तेव्हाही पातेली चालूच होती.

अमेरिकेत ॲलिसन डॅमिंजर नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ साली जोडप्यांच्या मुलाखती घेऊन घरातल्या या डोक्याच्या कामाचे चार तुकडे पाडले होते. काय लागणार आहे ते आधी ओळखणं, त्यासाठीचे पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि मग ते झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. गंमत अशी दिसली की निर्णय घेण्यात नवरे बऱ्यापैकी सामील होते, पण आधी ओळखणं आणि नंतर लक्ष ठेवणं ही दोन टोकं बहुतेक बायकांकडेच होती. आता तुमच्या नवऱ्याचं वाक्य परत वाचा. "सांग ना, मी करतो." म्हणजे ओळखायचं तुम्ही, सांगायचं तुम्ही, झालं का बघायचं तुम्ही, आणि मधलं जे हातानं करायचं तेवढंच तो करणार. माणूस चांगला आहे याबद्दल मला शंका नाही, पण यात त्याच्या वाट्याला काम आलं आणि तुमच्या वाट्याला सुपरवायझरची पोस्ट आली, तीही बिनपगारी.

आपल्याकडचे आकडे हातानं करायच्या कामातही काही फार बरे नाहीत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ त्यात जातो असं आलं आणि पुरुषांचा ८८ मिनिटं. २०१९ ला हेच २९९ आणि ९७ होतं, म्हणजे दोघांचीही मिनिटं कमी झाली आणि मधलं अंतर हललं ते जेमतेम एका मिनिटानं! आणि भाजी चिरता चिरता डोक्यात जे चाललेलं असतं ते कोणी घड्याळ लावून मोजावं तरी कसं.

मग करायचं काय. कामांची यादी करून नवऱ्याच्या हातात देऊ नका, कारण यादी करणं हेच तुमचं थकण्याचं काम आहे. अख्खं खातं देऊन टाका. उदाहरणार्थ भाजी. भाजी आणणं नाही म्हणत मी, भाजी हे खातं. आठवड्यात काय काय करायचं ते ठरवणं, बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारातून आणायची की कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून ते बघणं, पोळीवाल्या बाईंना सांगणं, संपली तर संपली हे झेलणं, सगळं त्याचं. आठवड्याचा तक्ता त्यानं लिहून फ्रिजवर लावला की संध्याकाळचा तो प्रश्न तुम्हाला विचारायचं कारणच उरत नाही. तीन दिवस लागोपाठ बटाटा होईल. खा. तोंडातून "अरे मेथी आणायचीस ना" निघालं की खातं परत तुमच्याकडे आलं असं समजा.

एक काळजी घ्या, सुरुवात सासूबाईंच्या गोळ्यांनी करू नका. चुकलं तरी ज्यात कुणाला इजा होत नाही असं खातं आधी द्या, भाजी, गॅस, सोसायटीची मीटिंग, गाड्यांचं सर्व्हिसिंग. तो महिनाभर रुळला की मग गोळ्या आणि डॉक्टर, शेवटी आई त्याचीच आहे.

जे तुमच्याकडेच उरेल त्यासाठी एक छोटी गोष्ट सांगते. मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली प्रयोग करून म्हटलं होतं की अर्धवट राहिलेली कामं पूर्ण झालेल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात. पुढच्या काही प्रयोगांत ते तितकं ठळक आलं नाही, पण अपुरं काम मध्येमध्ये डोकं वर काढतं हा अनुभव तुम्हाला मी सांगायची गरज नाही. २०११ मध्ये मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोघांनी दाखवलं की ते काम पूर्ण व्हायची गरज नसते, ते नेमकं कधी आणि कसं करणार हे ठरवलं तरी त्याची कुरकुर बरीच थांबते. त्यामुळे "चार्ट पेपर" एवढंच लिहून उपयोग नाही, "चार्ट पेपर, गुरुवारी ऑफिसमधून येताना" असं लिहा आणि विषय सोडा.

दुपारी तीन तास झोपू नका, गाढ झोपेतून उठलं की डोकं जडच राहतं आणि रात्रीची झोप जाते ती वेगळीच, अर्धा तास पुरे. आणि पार्किंगमधली ती दहा मिनिटं अजिबात सोडू नका. घरी सांगून टाका की माझी दहा मिनिटं खाली असतात, फोन करू नका.

प्रश्न : तुमचे सदर नेहमी वाचतो. हल्ली ज्याला त्याला मानसिक थकवा येतो. मी नाशिकरोडला नोटप्रेसमध्ये आयुष्यभर नोकरी केली, पंचवटीतून सायकलवर जाऊन येऊन, वर ओव्हरटाइम. आम्हाला असले काही झाले नाही. हे सगळे मोबाईलचे चोचले आहेत असे माझे स्पष्ट मत आहे. आपण काय म्हणता?
— एक ज्येष्ठ नागरिक, पंचवटी

उत्तर : काका, नमस्कार. तुमच्या सायकलीला मी मनापासून मानते, पण एक मुद्दा बघा. नोटा छापायचं काम तुम्हाला घरी आणता येत नव्हतं, आणलं असतंत तर थकव्यापेक्षा फारच मोठा प्रश्न उभा राहिला असता! गेटवर झडती झाली की काम आत आणि तुम्ही बाहेर. आज तुमच्या नातवाचं काम त्याच्याबरोबर जेवायच्या ताटाशेजारी येऊन बसतं, उताणं, व्हायब्रेटवर.

बाकी ही तक्रार आजकालचीच आहे असं काही नाही. जॉर्ज बिअर्ड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १८६९ मध्येच याला न्युरॅस्थेनिया असं भारदस्त नाव दिलं होतं आणि पुढे त्याची कारणं सांगितली ती वाफेची इंजिनं, तारयंत्र, वर्तमानपत्रं, विज्ञान आणि बायकांचं डोकं चालवणं. शेवटच्या कारणाबद्दल मी काही बोलत नाही, पण दर पिढी आपल्या काळातल्या सगळ्यात नव्या यंत्रावर खापर फोडते हे मात्र खरं. आणि तुम्ही ओव्हरटाइम करत होतात तेव्हा घरातलं सगळं लक्षात कोण ठेवत होतं, त्या थकायच्या का, हे एकदा काकूंना विचारून आम्हाला कळवा. छापू.

प्रश्न : वय २९, आयटीत आहे, गंगापूर रोडला घरूनच काम. दुपारपासून मीटिंग्ज सुरू होतात त्या अमेरिकेच्या टायमिंगमुळे रात्री साडेदहापर्यंत. दिवसभरात स्लॅक, टीम्स, मेल, व्हॉट्सॲप, सगळीकडे काहीतरी वाजत असतं. संध्याकाळी विचार केला की आज नेमकं काय केलं तर सांगता येत नाही. मग रात्री एक-दीडपर्यंत रील्स बघतो, कळतं की झोपायला हवं पण हात थांबत नाही. व्यायाम करायची ताकद नाही. विलपॉवरच कमी आहे का माझ्यात?
— नाव नको

उत्तर : विलपॉवरचं सोडून दे मित्रा (वयानं लहान आहेस म्हणून अरेतुरे करतेय). विलपॉवर ही टाकीतल्या पेट्रोलसारखी संपते असा एक सिद्धांत १९९८ पासून फार गाजला होता, पण २०१६ मध्ये बऱ्याच प्रयोगशाळांनी मिळून तो तपासला तेव्हा परिणाम जवळपास दिसलाच नाही. म्हणून स्वतःला आळशी ठरवायची घाई नको.

तुझ्या बाबतीत मला दोन गोष्टी वेगळ्या वाटतात. एक म्हणजे उड्या. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्यावर गेलं की लक्षाचा काही भाग मागच्याच कामात अडकून राहतो आणि पुढचं काम कच्चं होतं. तू दिवसभर कोड, मीटिंग, पिंग, परत कोड करतोस, म्हणजे कुठेच पूर्ण नसतोस, आणि मग दिवसाच्या शेवटी काय केलं ते आठवत नाही यात नवल काय. मध्येच उठवलं तर उठायच्या आधी एक ओळ लिही, कुठे होतो आणि परत आलो की पहिलं काय करायचं. हास्यास्पद वाटेल इतकं साधं आहे पण लेरॉय यांच्याच पुढच्या कामात याचा फायदा दिसलाय. नोटिफिकेशन्स तासाला एकदा बघितल्यानं तुझ्या कंपनीचं काही बुडत नाही. खरं अर्जंट असतं तेव्हा लोक फोन करतात.

दुसरं म्हणजे रील्स. २०२२ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी लोकांना सहा तासांच्या वर डोक्याची कामं करायला लावली, काहींना अवघड आणि काहींना सोपी. अवघडवाल्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट नावाचं रसायन जास्त साठलेलं दिसलं, आणि संध्याकाळी तेच लोक चटकन मिळणाऱ्या, कष्ट न लागणाऱ्या बक्षिसाकडे जास्त झुकले. एकच प्रयोग आहे, लगेच देव्हाऱ्यात ठेवू नये, पण रात्री एक वाजता तू पुस्तक का उचलत नाहीस आणि फोन का उचलतोस याचं ते बऱ्यापैकी उत्तर आहे. दिवसभरातला स्वतःचा असा वेळ तुला रात्री साडेदहानंतरच मिळतो ना, तो सोडवत नाही, मला समजतंय. पण तुझी सकाळ अख्खी रिकामी आहे आणि त्याबद्दल तू पत्रात एक अक्षर लिहिलेलं नाहीस! मीटिंग्ज दुपारनंतर आहेत तर तुझा स्वतःचा वेळ सकाळचा. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक तुला लांब नाही, आणि तिथे धावायलाच पाहिजे असा नियम नाही, निम्मे लोक गप्पा मारत चालत असतात. रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला लाव, आणि मीटिंगमध्ये जागं राहायला रात्रीची कॉफी घेत असशील तर ती बंद कर, कॅफिनचा निम्मा भाग अंगातून जायला साधारण पाच तास लागतात.

ऑफिसनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, कायदा काही झालेला नाही, त्यामुळे साडेदहा म्हणजे साडेदहा हे तुझ्या मॅनेजरशी तुलाच बोलावं लागणार.

प्रश्न : ताई, निफाड तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे दोन महिने झोप नाही. मोबाईलमध्ये हवामानाचे चार ॲप, सात ग्रुप, एक म्हणतो पाऊस, एक म्हणतो नाही. रात्री दोनला उठून आभाळ बघतो. फवारणी करून पडलो की पहाटे थेंब येतात. बायको म्हणते बागेतच खाट टाका. कामाला आम्ही भीत नाही, पण डोकं बंद होत नाही. काही उपाय असला तर सांगा, फुकटचे उपदेश नको.
— एक बागाईतदार

उत्तर : भाऊ, उपदेश करायची माझी टाप नाही. पोंग्यात (कोवळी फूट निघताना) किंवा फुलोऱ्यात दोन दिवस पाऊस लागला की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, घडकुज होते, आणि वर्षाचा पैसा जातो, तेव्हा तुमची काळजी मनाचे खेळ आहेत असं कोणी म्हणत असेल तर त्याला खुशाल बागेत बोलवा. आयटीतल्या पोराला मी फोन बाजूला ठेव म्हणू शकते, तुम्हाला नाही म्हणू शकत.

पण एक विचारते. रात्री दोनला आभाळ बघून तुम्ही काही वेगळं करता का? त्या वेळी ट्रॅक्टर काढून फवारणी करणार असाल तर जरूर उठा. करणार नसाल तर ते बघणं बागेच्या कामाचं नाही, ते फक्त तुमची झोप घेतंय. ज्या माहितीवर निर्णय बदलतो तेवढीच माहिती घ्यायची आणि निर्णयाच्या वेळेलाच घ्यायची, म्हणजे संध्याकाळी उद्याचं ठरवताना एकदा आणि पहाटे एकदा. सात ग्रुपमधले सहा बंद करा. हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज, मेघदूत ॲपवर मंगळवार-शुक्रवारी येणारा कृषी सल्ला आणि पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला, एवढं पुष्कळ झालं. ढगांचा गडगडाट नेमका कुठल्या गावावर होणार हे आठ दिवस आधी कुणालाच छातीठोक सांगता येत नाही, जो ग्रुपवर सांगतो तो अंदाजच फेकत असतो, फक्त जोरात.

अगदी धोक्याच्या दिवसांत रात्रीचं लक्ष ठेवावंच लागणार असेल तर भाऊबंद किंवा शेजारचा बागाईतदार यांच्याशी पाळी लावा. पिकाला रात्रीचं पाणी द्यायला लाइटच्या पाळ्या आपण लावतोच की, तसं एक रात्र तुम्ही, एक रात्र ते. ज्या रात्री तुमची पाळी नाही त्या रात्री फोन त्यांचा, झोप तुमची.

पत्रात कर्जाचं काही नाही, तरी विचारते, औषध दुकानाची उधारी आणि सोसायटीच्या कर्जाचा आकडा घरात बायकोला माहीत आहे का? नसेल तर सांगा. एकट्यानं आकडा सांभाळणं हाही रात्रीचा पहाराच आहे. आणि कधी संपवून टाकावं असं मनात आलं तर मात्र छाटणी, फवारणी, काही उरकायची वाट बघू नका, त्याच रात्री १४४१६ ला फोन लावा. टेलिमानस म्हणून सरकारची लाइन आहे, २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : वय ४६, सातपूरला कंपनीत शिफ्टमध्ये. सतत थकवा, चिडचिड, काही आठवत नाही. मित्र म्हणतो डिप्रेशन आहे, बायको म्हणते रक्त तपास, आणि घोरणं कमी कर. कुणाचं ऐकू?
— एक कामगार

उत्तर : बायकोचं. आधी साधा फॅमिली डॉक्टर गाठा आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर, बी१२ एवढं बघून घ्या, शाकाहारी असाल तर बी१२ नक्कीच. मनाचा थकवा समजून वर्षभर ओढत राहिलेली माणसं थायरॉइडच्या गोळीनं ताळ्यावर आलेली असतात. शिफ्ट दर आठवड्याला बदलत असेल तर शरीराचं घड्याळ जागेवर येतच नाही, शिफ्ट किमान दोन-तीन आठवडे एकच मिळते का विचारून बघा, आणि रात्रपाळीनंतर घरी जाड पडदे लावून झोपा.

डिप्रेशनचं म्हणाल तर दोन आठवडे किंवा जास्त, दिवसाचा बराचसा वेळ उदास वाटणं किंवा आधी आवडायच्या त्या गोष्टींतही रस न उरणं, सोबत झोप-भूक बिघडणं, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. त्र्यंबक रोडचं सिव्हिल तुम्हाला सातपूरहून जवळ आहे, तिथे सुरुवात करता येईल.

घोरण्याचं हसण्यावारी नेऊ नका. झोपेत श्वास मध्येमध्ये अडकत असेल तर आठ तास झोपूनही माणूस थकलेलाच उठतो, चिडचिड होते, विसरायला होतं, म्हणजे तुम्ही लिहिलंय ते सगळं, आणि त्याची तपासणी वेगळी असते. डॉक्टरकडे जाताना बायकोला सोबत न्या, घोरण्याचं खरं वर्णन त्याच करतील.